आत वळलेली पिसं

१

दर सोमवारी अकरा वाजता मी लाकडी खोक्यांतले दगड टेबलावर मांडते आणि मुलांना ओळखायला सांगते. सोलापुरात एका कॉलेजात गेली अठरा वर्षं मी भूगर्भशास्त्र शिकवते. आमच्याकडची सगळी जमीन एकाच काळ्या दगडाची, त्यामुळे खोक्यात नवल असं काही नसतं. बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांतले पांढरे स्फटिक, थोडी गारगोटी. मुलं कंटाळतात. खरं सांगायचं तर मीही कंटाळले होते.

मार्चच्या पहिल्या सोमवारी तास संपल्यावर उत्कर्षा मागे थांबली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची, कमी बोलायची. तिचं घर श्रीपूरच्या पुढे उसाच्या रानात. तिने दप्तरातून लोणच्याची जुनी बाटली काढली.

"मॅडम, हे काय आहे बघा ना. आमच्या घरामागं जमिनीतनं धूर येतोय. भोकाच्या कडेला हे साचतंय."

बाटलीत पांढरी पिसं होती. म्हणजे पिसांसारखे स्फटिक. मधे एक दांडा, दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, बोट लावलं की मोडतील असे. आमच्या धंद्यात चव घेऊन बघायची जुनी खोड असते. मी कण जिभेवर ठेवला. खारट, आणि मागोमाग जिभेला टोचणारा गारवा.

"नवसागर," मी म्हणाले. "भांड्यांना कल्हई करताना वापरतात ना, तोच."

बाजारात तो पुडीत मिळतो. पण जमिनीतून आपणहून वर येणारा नवसागर ही वेगळी गोष्ट. जमिनीच्या पोटातली गरम वाफ थंड हवेला लागली की ती पाणी न होता सरळ स्फटिक होते. हे घडतं ज्वालामुखीच्या धुराड्यांच्या तोंडाशी, नाहीतर आतून जळणाऱ्या कोळशावर. मी हे आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं.

"तिथे कोळसा आहे का?"

"आजोबांची वीटभट्टी होती. बंद केली तेव्हा कोळशाची भुकटी, राख, चिपाडं, सगळं खड्ड्यात ढकललं आणि वर माती टाकली. माझ्या जन्माआधी."

म्हणजे उलगडा झालाच होता. बाटली परत करताना तिच्या तळाशी मला आणखी काही दिसलं. मधाच्या रंगाचे, किंचित बाक असलेले पातळ पापुद्रे. चार-पाच असतील. ते नवसागराचे नव्हते. कशाचे, ते मला सांगता येईना.

"बाटली राहू दे माझ्याकडे," मी म्हणाले. "आणि उद्या मी येते."

२

उत्कर्षाचे वडील कुंडलिककाका फाट्यावर उभे होते. उंच, वाळके, बोलताना डाव्या तळहातावर तंबाखू मळत राहणारे. घर साधं होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याचं दार मागच्या पडीक तुकड्याकडे उघडणारं. दारापासून तीसेक पावलांवर जमिनीतून निळसर धुराची एक दोरी वर जात होती. तिन्ही बाजूंनी ऊस.

भोक मूठभर रुंदीचं. कडेला पांढऱ्या पिसांची जाड झालर, आणि तिच्यात अडकलेले ते मधाच्या रंगाचे पापुद्रे. मी तापमापकाची लांब सळई तोंडाशी धरली. दोनशे दहा अंश.

"काका, चुना द्या जरा."

त्यांनी डबी पुढे केली. मी तळहातावर चिमूटभर पांढरी पूड घेतली, चुना लावला, पाण्याचा थेंब टाकून चोळलं आणि त्यांच्या नाकाशी नेलं. त्यांनी मान झटकन मागे घेतली.

"मुतारीवानी वास मारतोय की."

"तोच पुरावा. नवसागर नसता तर असा वास सुटला नसता."

ते हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रंभाबाई, त्यांची बायको, हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, त्ये कशाचं का असंना. इझवायचं कसं त्ये सांगा."

मी ऐकलं, पण माझं लक्ष झालरीकडे होतं. तिच्यात काहीतरी चुकीचं होतं, आणि काय ते कळायला मला थोडा वेळ लागला. ही पिसं भोकातून बाहेरच्या दिशेने वाढायला हवीत, कारण वाफ बाहेर येते. फोटोत ती नेहमी फुलासारखी बाहेर उमललेली असतात. इथे प्रत्येक पीस आत वळलेलं होतं. सगळ्यांची टोकं भोकाकडे.

मी वहीचा कागद फाडून त्याची पट्टी भोकाशी धरली. गरम भोकावर कागद वर उडायला हवा. तो खाली वाकला. मग माझ्या बोटांतून सुटला आणि आत गेला. धुराची दोरी वर जात होती आणि त्याच तोंडातून हवा आत ओढली जात होती.

जळत्या ढिगात असं होतं, मी स्वतःला समजावलं. एका चिरेतून हवा आत, दुसऱ्या चिरेतून बाहेर. एकाच भोकातून दोन्ही होतं का, हा प्रश्न मी पुढे ढकलला. माझ्या मनात पापुद्रे होते. दख्खनच्या दगडात आजवर कुणी न नोंदवलेलं काही माझ्यासमोर असलं तर?

"आज पानी सोडू का?" काकांनी विचारलं. "इहिरीवर मोटर हाय. लाईट चारपत्तूर हाय."

"नको, काका. पाण्याने हे सगळं विरघळून जाईल. मी पुण्याला तपासायला पाठवते. आठ दिवस थांबा फक्त."

"आठ दिसानं काय व्हनार?" रंभाबाईंनी विचारलं.

"मग बुजवू. मी स्वतः येईन."

काकांनी बायकोकडे पाहिलं. "बाई शिकलेल्या हायती," ते म्हणाले. "त्यास्नी ठावं असंल."

३

शुक्रवारी गेले तेव्हा भोकं तीन झाली होती. पहिलं होतं तिथेच, दुसरं घराच्या बाजूला सरकून, तिसरं त्याच्या पुढे. मी टेप लावला. पहिल्या दोन भोकांत आठ मीटर. पुढच्या दोनांतही आठ. तिसऱ्यापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत मोजलं तर सातला जरा कमी. रेघ सरळ होती.

भट्टीच्या जुन्या धुराच्या नळ्या असतील जमिनीखाली, मी म्हणाले. आग त्यांच्यातून सरकत असेल, आणि जिथे नळीचा सांधा तिथे भोक. बोलताना ते मला पटत होतं.

"घर भट्टीच्याच जागेवर बांधलंय का?"

"न्हाय," काका म्हणाले. "भट्टी तिकडं, हितं कायम रान हुतं."

रंभाबाईंनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघर नीटनेटकं होतं. शहाबादी फरशी, कोपऱ्यात उखळ, फळीवर घासून उपडी ठेवलेली भांडी. खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता. मी चपला काढल्या आणि पाय टेकवला. उन्हाबाहेरची फरशीसुद्धा कोमट होती.

"ऐका," त्या म्हणाल्या.

उखळात भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी होती. त्यांनी मुसळ उचललं आणि कुटलं. तीनदा. मग मुसळ हातातच वर धरून थांबल्या.

खालून आवाज आला. दबलेला, जड. एक. दोन. तीन.

जमीन पोकळ झाली असली तर प्रतिध्वनी येणारच, असं मी तोंड उघडून सांगणार तेवढ्यात चौथा आला.

फळीवरची एक ताटली हलली आणि थांबली. रंभाबाईंनी मुसळ हळूच भिंतीला टेकवलं, झोपलेल्या माणसाजवळ ठेवावं तसं.

"परवापासनं कुटतंय," त्या म्हणाल्या. "म्या जेवढं कुटीन त्याच्या वर एक."

"पोकळीत आवाज एकदा जास्त आपटत असेल, मावशी. पण तुम्ही मागच्या खोलीत राहू नका. चूल पुढे मांडा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. जळत्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, पण तो माणूस मारतो."

"मग पानी का वतू देत न्हाय तुमी?"

मला उत्तर होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेने नमुना पोचल्याचं कळवलं होतं, आणि तो कमी पडला तर आणखी लागणार होता. मी तसं सांगितलंही. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग चटणी एका डब्यात भरून माझ्या हातात दिली. घरी आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत म्हणून.

४

मंगळवारी सकाळी साडेआठला मी पुन्हा निघाले. आठ दिवस पुरे झाले होते. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आडवा झाला होता, आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग. तिथे उभी असताना पुण्याहून फोन आला. प्रयोगशाळेतले अनीश, माझ्या जुन्या ओळखीचे.

"भार्गवी, पांढरा भाग नवसागरच आहे. शुद्ध. सुंदर नमुना आहे."

"आणि पापुद्रे?"

"ते कुठून गोळा केलेस?"

"भोकाच्या कडेवरून. माझ्या हाताने."

"ते खनिज नाही. क्ष-किरणात त्याला स्फटिकाची बांधणीच दिसत नाही. म्हणून एक तुकडा मी ज्योतीवर धरला. केस जळल्यासारखा वास आला. मग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला." त्यांनी घसा साफ केला. "नखं आहेत ती. कुठल्या जनावराची सांगता येणार नाही. माणसाच्या नखाएवढीच जाड आहेत, पण लांबीला जास्त. कापलेली नाहीत. झिजून तुटलेली आहेत. काहीतरी खरवडून झिजतात तशी."

खड्ड्यात केरकचरा टाकला असेल, मी म्हणाले. मेलेलं जनावर पुरलं असेल. "असेल," ते म्हणाले. पण दोनशे अंशांवर नख टिकत नाही. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

ट्रॅक्टर हलला. मी काकांना फोन लावला. कुणी उचलला नाही.

५

गाडीतून उतरल्यावर सगळ्यात आधी आवाज ऐकू आला. जनावराचा हंबरडा, मधे न तुटणारा, एकाच उंच पट्टीतला. मी घराला वळसा घालून धावले.

काकांची कालवड तिसऱ्या भोकाशी पडली होती. दावं तोडून तिकडे गेली असावी. तिचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत होता, बाकीचे तीन पाय माती उकरत होते. काकांनी तिच्या मानेभोवती दोर टाकून तो ओढून धरला होता. रंभाबाई शेपटीकडून ढकलत होत्या.

मी दोराला हात लावला. आम्ही तिघांनी ओढलं. कालवड आमच्याकडे एक वीत आली आणि मग दोन विती परत गेली. ती नुसती अडकलेली नव्हती. अडकलेलं जनावर जागचं हलत नाही. ही ओढली जात होती. झटका, विसावा, झटका.

"काका, दोर पायाला बांधा, वरच्या बाजूला."

त्यांनी बांधला. पुढच्या झटक्याला आम्ही सगळा भार मागे टाकला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि आम्ही तिघं मातीत उताणे पडलो. कालवड सुटली होती. पाय गुडघ्याखाली नव्हता.

रक्त आलं नाही. उरलेल्या टोकावर पांढरा लेप होता, बारीक फांद्यांचा, आत मांसाकडे वळलेला. कालवड उठायचा प्रयत्न करत होती आणि त्या टोकावर उभी राहून पुन्हा पडत होती. हंबरडा थांबला होता. आता फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

काका गोठ्यात गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले. रंभाबाईंनी पदर तोंडाला लावून पाठ फिरवली. मला पाठ फिरवता आली नाही. त्यांना तीन घाव घालावे लागले. तिसऱ्यानंतर ते तिथेच वाकून उभे राहिले, कुऱ्हाडीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून, आणि त्यांच्या सदऱ्यावरून रक्त मातीत टपकत राहिलं.

जमिनीखालून आवाज आला. एक, दोन, तीन. आणि चार.

६

काकांनी कुऱ्हाड टाकली आणि भिंतीला टेकवलेली पहार उचलली.

मी त्यांच्या आडवी गेले. त्या वेळी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्यांची काळजी वाटलीच, पण त्याच्याही आधी, एका क्षणासाठी, ती झालर मोडेल असं वाटलं.

"काका, थांबा. आपण पाणी सोडू. आत्ता लगेच."

"आता पानी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "सरा बाजूला, बाई."

पहिल्या घावाला पांढरी झालर फुटली. दुसऱ्याला भोक दीड वीत रुंद झालं. ते प्रत्येक घावाला शिवी देत होते, आणि मग शिव्या संपल्या आणि नुसता हुंकार राहिला. चौथ्या घावाला पहार निम्मी आत गेली आणि तिथेच राहिली.

त्यांनी ती उपसायचा प्रयत्न केला. पहार हलली, पण खालच्या बाजूला. एक वीत. त्यांनी पाय रोवले. आणखी एक वीत.

"सोडा, काका. हात सोडा."

"सुटना," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, दाराची कडी सुटत नाही म्हणून सांगावं तसा. लोखंड तापलं होतं. उजव्या हाताची कातडी त्याला धरून बसली होती.

पहार बुडाली, मागोमाग मनगट, मग कोपर. ते छातीवर आपटले. मी त्यांचा कमरेचा पट्टा धरला, रंभाबाईंनी पाय. ते आता ओरडत होते. मी भोकाच्या इतकी जवळ होते की माझ्या भुवया जळल्या, आणि मी आत पाहिलं.

खाली लालसर उजेड होता. घशासारखी उभी नळी, सगळीकडून पांढऱ्या पिसांनी मढवलेली, आणि ती सगळी पिसं एकदम खाली झुकत होती आणि पुन्हा वर येत होती. शेतातून वारा जातो तेव्हा पीक झुकतं तशी. वारा नव्हता. त्यांच्या खाली, त्या उजेडाच्या आड, काहीतरी काकांचा हात दोन्ही बाजूंनी धरून होतं आणि पाळीपाळीने पकड बदलत होतं. वर, आणखी वर.

मी डोळे मिटले आणि ओढलं. तोच आवाज झाला, कालवडीच्या वेळचाच.

मग काका आमच्या अंगावर पडले होते. उजवा हात कोपराखाली नव्हता. रक्त आलं नाही. तरीही मी ओढणी काढून दंडाला आवळली, कारण तेवढं एकच मला माहीत होतं.

७

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. जळत्या ढिगाऱ्यावरची माती खचली, हात आत गेला, आणि ओढताना तुटला. त्यांनी लिहून घेतलं. गरम राखेने शिरा भाजून बंद झाल्या असतील, म्हणून रक्त नाही, असं ते म्हणाले. मला ते पटवून घ्यायचं होतं. पोलीस रानात जाऊन आले, भोकांभोवती काटेरी फांद्या टाकून आले.

काका शुद्धीवर होते. उत्कर्षा त्यांच्या उशाशी बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज होता आणि ते छताकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "माजा हात अजून हाय."

"असं वाटतं, काका. अवयव गेला तरी मेंदूला वाटत राहतं. डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"सांगितलं की." त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. "तितं उकडतंय. बोटं हलत्यात. म्या हलवत न्हाय."

उत्कर्षाने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तो तिला परत घ्यावासा वाटला असावा, पण तिने ठेवला.

"आदी नुसतं धरलं हुतं," ते म्हणाले. "सकाळपासनं बोटं मोजतंय माजी. येक येक करून. मोजून झालं की परत पैल्यापासनं."

मग ते पायाशी बसलेल्या रंभाबाईंना म्हणाले, "पानी सोड. जा तू. पानी सोड तितं."

मी म्हणाले, माझ्या गाडीने जाऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. मोहोळ मागे पडलं. समोरच्या काचेकडे बघत रंभाबाईंनी विचारलं, "पैल्या दिशी सोडू दिलं असतं, तर हात ऱ्हायला असता का?"

"हो, मावशी. माझं चुकलं."

त्यांनी मान हलवली. माफ केल्यासारखी नाही. ऐकलं, एवढंच.

८

मोटर सुरू केली तेव्हा दहा चाळीस झाले होते. वेळ मी पाहून ठेवली होती, ती सवय जात नाही. काळा पाइप खांद्यावर घेऊन रंभाबाई तिसऱ्या भोकाशी गेल्या. मी काट्याच्या फांद्या बाजूला ओढल्या. कालवड कुणीतरी हलवली होती, मातीवर डाग तेवढा होता. स्वयंपाकघराची मागची भिंत तळापासून खिडकीपर्यंत चिरली होती.

पाण्याची धार आत पडली आणि जमीन किंचाळली. गरम लोखंड पाण्यात घातल्यावर होतो तसाच आवाज, पण तो संपेना. वाफेचा खांब घराच्या वर गेला. मातीचे गरम गोळे उडून आमच्या अंगावर पडले, एक रंभाबाईंच्या गालाला लागून तिथली कातडी सोलून गेला. त्यांनी पाइप सोडला नाही. पायाखाली धडाधड कुटल्याचे आवाज येऊ लागले, मोजता येणार नाहीत इतके, आणि घराकडून भांडी कोसळल्याचा आवाज आला. मग मागची भिंत खिडकीसकट बाहेर पडली. विटा आमच्यापासून चार हातांवर येऊन थांबल्या.

मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. त्या हलल्या नाहीत. मग मीही त्यांच्या हातांच्या मागे पाइप धरला आणि उभी राहिले.

हळूहळू किंचाळी उतरली. पुन्हा वाढलेली पांढरी झालर विरघळत होती, कडा ढासळत होत्या, आणि भोक परातीएवढं झालं. पाणी आता आत जात नव्हतं. गढूळ, वाफाळतं, ते वर चढत होतं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि वाफ क्षणभर बाजूला झाली.

काकांचा हात पाण्याच्या जरासा वर होता. मनगटापासून पुढचा. भाजलेला नव्हता. अंगठ्याच्या नखावर चुन्याचा पांढरा डागही तसाच होता. तो एकटा नव्हता. त्याच्या बोटांत बोटं गुंफलेली होती, जत्रेत लहान पोर आईचा हात धरतं तशी घट्ट. मधाच्या रंगाची नखं त्याच्या मागच्या बाजूला रुतली होती. त्या बोटांच्या खाली मनगट असायला हवं होतं. तिथे मला आणखी बोटंच दिसली.

दगडाच्या पोकळीतले स्फटिक मोजावेत तशी मी बोटं मोजली. काकांची पाच सोडून नऊ. मी पुन्हा मोजली. नऊ.

पाणी त्यांच्यावरून गेलं. ती नऊ बोटं एकेक करून उघडली, सावकाश, जणू एकेक हिशेबातून वगळत होती. काकांचा हात कलंडला आणि बुडाला. मग नुसतं पाणी राहिलं, आणि त्यावर तरंगणारी राख.

माझा फोन वाजला. उत्कर्षा होती. ती रडत नव्हती, अजून तिथवर पोचली नव्हती.

"मॅडम, बाबा आत्ता उठून बसले. म्हणाले, गार लागतंय. बरं वाटलं त्यांना. मग म्हणाले, सुटला. आणि आडवे झाले." मागे पंख्याचा आवाज येत होता. "डॉक्टर आलेत. बाबा नाहीत म्हणतायत."

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटं. फोन खाली केला तेव्हा रंभाबाई माझ्याकडे बघत होत्या. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले, त्यांच्या तोंडातून घुसमटलेला एक आवाज आला, आणि त्या गुडघ्यांवर बसल्या. पाइप मांडीवर तसाच धरलेला. धार भोकातच पडत होती.

मी त्यांच्याजवळ बसले. आमच्या पायांखालची माती ओली होती आणि थंड. विहिरीवर मोटर चालू होती. उसात कुठेतरी कोयते चालल्याचा आवाज येत होता, आणि पलीकडच्या रस्त्याने बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या.

खूप वेळाने त्यांनी विचारलं, "बाई, तुमीबी बघितलं न्हवं?"

"बघितलं."

"किती बोटं हुती?"

"पाच," मी म्हणाले. "काकांचीच."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. गालावरच्या जखमेतून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं, ते त्यांनी पदराने पुसलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मलाबी पाचच दिसली." आणि पाइपाचं तोंड त्यांनी आणखी खाली दाबलं.